गौर आणताना उचललेला फोन

गौरी आवाहन, संध्याकाळचे साडेसात

ओढ्यावरून गौर घरात येईपर्यंत तोंड उघडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. सासूबाईंनी ती आयुष्यभर पाळली. यंदा तेरड्याची जुडी पहिल्यांदाच माझ्या हातात, आणि वाटेतच फोन वाजला. मुलगा साजगावच्या कंपनीतून सुटला होता. "आई, निघालो गं." माझ्या तोंडून गेलंच, "सावकाश ये रं."

दारात पाय धुताना सासूबाईंनी विचारलं, "वाटंत बोललीस नाय ना गं?" मी नुसती मान हलवली. खोटं सांगायलाही तोंड उघडावं लागलं नाही.

बाइकवर अर्ध्या तासाची वाट. दोन तास झाले. मी असलं काही मानत नाही. नाही ना मानत? फोन लावते, तर नुसता वाजत राहतो.

सासूबाई गौरीपुढे निवांत बसल्यात. म्हणतात, "येल गं. तू तोंड नाय उघडलंस, गौर राखील त्याला."