आई कशानं गेली ते कळलं

तीर्थरूप बाबांना, दुरूनच वाकून नमस्कार.

तुम्हाला नात झाली! दिवस भरायच्या आधीच आली, ओंजळीएवढी आहे, म्हणून काचेच्या पेटीत उबेला ठेवलीय. आवाज मात्र तुमच्यासारखा खणखणीत.

मी बरी आहे. पाय सुजले तेव्हा मी हसण्यावारी नेलं. मग डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तेव्हा ह्यांनी तडक दवाखान्यात आणलं. रक्तदाब फार चढला होता. झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शनं दिली आणि औषधानं कळा आणल्या.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कुणाला असं झालं होतं?"

मी आईचं सांगितलं. तीच सूज, तीच डोकेदुखी, मग झटके, आणि मी जन्मले त्याच दिवशी ती गेली.

"हेच असणार," त्या म्हणाल्या.

"बाबा म्हणतात, तिला शिवणयंत्रावर बसू दिलं म्हणून झालं."

"छे हो! कामानं होत नाही हे. त्यांचा काही दोष नाही, कळवा त्यांना."

म्हणून हाताला सलाईन असतानाच लिहितेय. अक्षर वेडंवाकडं आलंय.

रक्तदाब अजून पुरता उतरला नाही, पण रोज तपासतात, काळजी नसावी. तुमचा गुडघा कसा आहे? वेळेवर जेवता ना?

बाबा, कळा येत होत्या तेव्हा शेजारच्या खाटेवरची "आई गं" म्हणून ओरडत होती. मी "बाबा" म्हणून ओरडले. नर्स हसली. मला दुसऱ्या कुणाला हाक मारायची सवयच नाही हो. केव्हा येता?

तुमची वाट बघणारी,
ठकी