उतारा चुकलाय

सुपा,
दि. ९ जून २०२५

ती. स्व. आप्पांस,
रुचाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका. नोकरी शाबूत आहे आणि मी परस्पर लग्नही ठरवलेलं नाही. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, ओरडून सांगावं तर शेजारी आई बसलेली असते, आणि हे तिच्या कानावर एवढ्यात जायला नको. म्हणून पत्र.

आप्पा, मला वाटतं आपला पार्थ सापडला.

थांबा, चष्मा पुसून पुढे वाचा. कॉलेज बुडवून तो जी कार्टूनची मालिका बघायचा, ‘काजळगडाची सात दारं’, तिच्या चाहत्यांचा इंटरनेटवर एक गट आहे. कोणत्या भागात काय दडलंय यावर हजारो लोक तिथे तावातावाने लिहितात. घरातून जाऊन त्याला तीन वर्षं होतील, कुठे काही पत्ता नाही, तर मालिकेतून तरी माग लागेल म्हणून मी तिथे जाऊन वाचत बसते. गोष्ट अशी की किल्ल्याला सात दारं आहेत आणि बाहेर पडणाऱ्याला दर दारावर एक आठवण ठेवून जावी लागते. धाकटा राजपुत्र सातही दारं ओलांडून गेलाय आणि आता किल्ल्यात तो कुणालाच आठवत नाही. तिसऱ्या पर्वात म्हातारा द्वारपाल मरताना म्हणतो की उतारा चुकलाय. किल्ल्यात विषारी धुकं आलेलं असतं, त्यामुळे सगळे म्हणतात, औषध चुकलं. एकटाच गडी म्हणतो, छे, उतारा म्हणजे नक्कल! राजघराण्याच्या पुस्तकाची नक्कल करताना धाकट्याचं नाव गळलं. पुरावाही देतो. चौथ्या भागातल्या भिंतीवरच्या चित्रात सहा मुलं आहेत, नवव्या भागात पाच आणि एक खरवडलेली जागा. लोक त्याला हसतात. आता सांगा, उतारा म्हटल्यावर औषधाआधी सातबारा आठवेल असं तलाठ्याच्या घराशिवाय कुठलं घर आहे? खाली किल्ल्याची चतुःसीमा दिलीय, पूर्वेस नदी, पश्चिमेस मजकूर डोंगर. आणि नाव काय घेतलंय माहितीये? पोटहिस्सा! जमिनीच्या तुकड्याचं नाव कोण शहाणा स्वतःला लावून घेतो?

चौथीपासून तुमचे अर्ज त्यानेच लिहिले आहेत. मी काय करू ते लगेच कळवा.

तब्येतीला जपा आणि माया आहे तेवढी राहू द्या.

आपली,
रुचा

&nbsp;

राहाता,
दि. १६ जून २०२५

चि. रुचास,
आप्पाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पाचदा वाचले. तुझे ऱ्हस्व-दीर्घ अजून देवाच्या हवाली आहेत, पण आज लाल शाई काढली नाही.

तो पार्थच. पुरावा मला पटला. सदतीस वर्षे तलाठी होतो, अक्षर न बघता कुणी लिहिलेय ते ओळखतो.

तुला एक गोष्ट ठाऊक नाही. तो गेला त्या दुपारी तू कॉलेजात होतीस आणि तुझी आई सुमेधा बाजारात. त्याने मला सांगितले की इंजिनिअरिंग सोडतो आणि असल्या गोष्टींवर लिहितो. माझे डोके फिरले. सुहासच्या, तुमच्या बाबांच्या माघारी या पोराला मी वाढवले, ते काय चित्रे बघायला? मी म्हणालो, या घराच्या उताऱ्यावरून तुझे नाव मी कमी करतो. रागात बोललो गं. त्याने माझा चहाचा कप तेवढा उचलून आत ठेवला आणि तो गेला. हे आजवर मी तुझ्या आईलाही सांगितलेले नाही. लाज वाटते.

आता मी सांगतो ते त्याच्या लेखाखाली जसेच्या तसे लिही. लिही की राजपुत्राचे नाव कमी झालेलेच नाही. नाव कमी करायला रीतसर फेरफार लागतो, तो कुणी नोंदवलेला नाही आणि मंजूरही झालेला नाही. म्हातारा नुसता तोंडाने बोलला, आणि तोंडी बोलण्याला दप्तरात किंमत नसते. लिहिण्यातली चूक केव्हाही दुरुस्त करता येते. सबब मजकूर राजपुत्राने परत यावे, ताबा त्याचाच आहे.

त्याला कळेल. बाकीच्यांना हसू दे.

सुमेधाला सांगू नकोस. पोरी, लवकर कळव, मला धीर नाही.

तुझा,
आप्पा

&nbsp;

सुपा,
दि. १४ जुलै २०२५

ती. स्व. आप्पांस,
रुचाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं म्हणणं काना-मात्रेसकट टाकलं. गटात तुमचा भलताच बोलबाला झालाय. एक जण म्हणतो की मालिकेला एवढा खोलात शिरणारा प्रेक्षक लाभला नव्हता, तुम्ही यूट्यूबवर या! ऐंशीव्या वर्षी तुम्हाला चाहते मिळाले, पेढे कधी देताय?

पोटहिस्सा मात्र गप्प आहे. गप्प म्हणजे लेख येतात, दर रविवारी एक. कालचा तिसऱ्या दारावरच्या घंटेविषयी होता, काय सुरेख लिहिलाय! पण तुमच्या मजकुरावर हू की चू नाही. दुसरं म्हणजे मालिकेचं चौथं पर्व येऊन सहा महिने झाले, गटात त्यावरून रोज मारामाऱ्या चालतात आणि हा पठ्ठ्या तिसऱ्याच्या पुढे एक शब्द लिहीत नाही. मी मनाची समजूत घातली की बघायला सवड मिळत नसेल, कामाला असेल कुठेतरी.

शेवटी काल त्याला वेगळा निरोप पाठवला. मी रुचा, तुझी बहीण, म्हणून लिहिलं, माझा इथला पत्ता आणि नंबर दिला. निरोप वाचल्याची खूण आली, उत्तर नाही. आप्पा, वाचला म्हणजे आहे ना तो कुठेतरी?

तुम्ही त्याला जे बोललात ते वाचून मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. आता गेला. गोळ्या वेळेवर घ्या.

आहे तशीच तुमची,
रुचा

&nbsp;

राहाता,
दि. २ ऑगस्ट २०२५

चि. रुचास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मी चुकलो. आधी तेच सांगतो.

ती मालिका आपण स्वतः बघावी म्हणून सुमेधाचा मोबाईल मागून घेतला. खाली अक्षरे येतात, ऐकू आले नाही तरी अडत नाही. चारही पर्वे बघितली. तिने विचारले की आयुष्यभर कार्टूनला नावे ठेवलीत, आता हे काय? माझ्याच्याने राहवले नाही, सगळे सांगितले. माझे ते बोलणेसुद्धा. ती माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी त्या पोटहिस्सेवाल्याच्या लेखाखाली एकच ओळ लिहू लागली, जेवलास का, आणि पुढे आई. बाकी काही नाही. नवव्या दिवशी उत्तर आले, व्हय, जेवलो. रुचा, तिने त्या दिवशी शेजारी साखर वाटली.

पण आपल्या घरात व्हय कुणी म्हणत नाही. मी तसे बोललो तर ती म्हणाली की तीन वर्षे परमुलखात काढली की जीभ बदलते. असेलही. तुला म्हणून लिहितो, चौथ्या पर्वाच्या पहिल्याच भागात दाखवले आहे की उतारा म्हणजे औषधच, बाटलीसुद्धा दाखवली आहे. पार्थला ते कळले असते तर त्याने उलट चार पाने लिहून भांडण काढले असते. त्याने ते पर्व बघितलेलेच नाही. दप्तरात एखाद्याच्या नोंदी एका तारखेला थांबल्या की आम्ही काय समजायचो ते तुला सांगवत नाही.

मला आता तपास नको वाटतो. तू मात्र थांबवू नकोस.

थकलेला,
आप्पा

&nbsp;

तिसगाव,
दि. १९ ऑगस्ट २०२५

ताई रुचा यांना,
मच्छिंद्रचा रामराम.

तुमचा निरोप म्या वाचला हुता. नंबर लई येळा काढला, पन फोनवर सांगायचं धाडस झालं न्हाई. म्हनून हे पत्र. चुकलं माकलं माफ करा.

माझं हितं तिसगावात मोबाईल दुरुस्तीचं दुकान हाय. पार्थ माझ्याकडं कामाला हुता, ऱ्हायला बी माझ्याच खोलीत. दोन वरसं आमी एका ताटात जेवलो. गेल्या वरसी भाद्रपदात त्याला ताप आला, त्यानं अंगावर काढला. नगरला नेस्तवर लई उशीर झाल्ता. दोन दिसांत गेला. ताई, माझ्या हातात हात हुता त्याचा, एकटा न्हवता एवढं ध्यानात ठिवा.

घरचं विचारलं की म्हनायचा, माझं नाव उताऱ्यावरनं कमी केलंय. आमाला वाटलं, भाऊबंदकी आसंल, जमिनीचा वाद. आसल्या घरी कळवून काय हुनार? आधारवर हॉस्टेलचा पत्ता, तिथं कुनाला ठाव न्हाई. म्हनून आग्नी म्याच दिला. तुमचं वाचल्यावर समजलं की वादबिद काय न्हवता. ताई, तवा नीट विचारलं आसतं तर बरं झालं आसतं. आता लई खातंय मनाला.

त्या मालिकेवर तो वहीत लिवायचा. दोनच लेख त्यानं टाकले हुते. वही तशीच पडलेली बगवंना, म्हनून मी दर आयतवारी एक पान हाय तसं टाकतो. त्यातलं मला काय बी कळत न्हाई. आता तीन पानं ऱ्हायलीत.

तुमच्या आई रोज इच्यारत्यात, जेवलास का. आठ दिस गप बसलो. नवव्या दिशी हात आपोआप गेला. लई मोठं पाप झालं. आता बंद करू का चालू ठिवू, तुमीच सांगा. वही मागाल तवा आनून देतो.

राग आला तरी एक डाव तरी या.

तुमचा भाऊ समजा,
मच्छिंद्र

&nbsp;

राहाता,
दि. ३१ ऑगस्ट २०२५

श्री. मच्छिंद्र यांस,
विष्णुपंताचा सप्रेम नमस्कार.

मी पार्थचा आजोबा. रुचा तुमचे पत्र घेऊन स्वतः आली आणि मोठ्या अक्षरांत लिहून काढून मला वाचायला दिले. तुम्ही माझ्या नातवाला अग्नी दिलात. वयाने लहान आहात, पण मी तुमच्या पाया पडतो.

तुमच्याकडून चूक झालेली नाही. तो तुम्हाला खरे तेच सांगत होता. नाव कमी करतो म्हणणारा मी होतो, आणि पोराने ते लेखी असल्यासारखे धरले. या वयात मला आता त्याची दुरुस्ती करता येणार नाही.

वही तुमच्याकडेच असू द्या. उरलेली पाने टाका. त्याने जे चुकीचे म्हटले आहे तेही सुधारू नका.

आता सुमेधाचे. काल सांगायचे ठरवून रुचा आणि मी तिच्यासमोर जाऊन बसलो. मी तोंड उघडणार, एवढ्यात ती मोबाईलकडे बघत म्हणाली की आज जेवायला त्याला उशीर झालेला दिसतो, कामाचा फार रगाडा असणार. रुचा उठून आत गेली. माझ्याने बोलवले नाही. आज बोलवले नाही, उद्याही बोलवेल असे वाटत नाही. कधीतरी तिला कळेल आणि ती आम्हा दोघांना क्षमा करणार नाही, तेही मी धरून चाललो आहे.

तोवर तिची ओळ रोज येईल. तुम्ही उत्तर लिहीत जा. एवढेच मागतो की आधी जेवून घ्या आणि मग लिहा. तेवढे तरी खरे असू द्या.

आपला,
विष्णुपंत