बटणापाशी दुसरं माणूस

१६ नोव्हेंबर, रविवार दुपार

प्रिय,

पुढे तुझं नाव लिहावं की लाडाचं काही, या विचारात चहा गार झाला. 'प्रिय' एवढंच राहू दे. मायना जमत नाही अशा माणसाचं सदर वर्तमानपत्र अजून छापतं, ही त्यांची हौस.

इकडे सगळं ठीक. तुझी झाडं जिवंत आहेत, एक सोडून. ते मी फार काळजी घेऊन मारलं. तुझ्या नव्या लॅबमधले साहेब कसे आहेत? रक्ताच्या बाटल्यांवर नावं नीट चिकटवतात की तेही तुलाच निस्तरावं लागतं?

बातमी अशी की मी अँप्लिफायर बनवतोय. घे हसून. स्क्रू घट्ट करायचा तर कुठल्या बाजूला फिरवायचा, हे तुला हाका मारून विचारणारा मी.

झालं असं की तुझा जुना अँप्लिफायर गेला. आता रेकॉर्ड फिरते, सुई टेकते आणि नुसत्या सुईचा आवाज येतो, कानाशी डास गुणगुणावा तसा. त्यातही गाणं ओळखू येतं, म्हणून जास्त वाईट. दुकानातून नवा आणला असता तर संध्याकाळपर्यंत काम संपलं असतं. मला संपणारं काम नको होतं. म्हणून ठरवलं, आपणच करायचा, आणि तोही जुन्या पद्धतीचा, काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवाला. त्या ट्यूब बल्बसारख्या तापतात आणि आतून लालसर दिसतात. खोलीत कुणी जागं असल्यासारखं वाटेल, म्हटलं.

तेव्हापासून जेवणाच्या टेबलावर सर्किटचे नकाशेच पसरलेत. टेबल काय, मोकळंच असतं. एका नकाशात दोन ट्यूब जोडीने काम करतात, एक ढकलते तेव्हा दुसरी ओढते. यावर मला जो विनोद सुचला तो तुलाही सुचला असेल. लिहीत नाही.

सुट्या भागांचं एक दुकान आहे पुलाखाली. मालक म्हातारा, खवट, माझा थोरला भाऊ शोभेल असा. नकाशांचं बाड बघून म्हणाला,

"पहिलाच का?"

"पहिलाच."

"मग जोडीबिडीचं खूळ सोडा. तुमच्यासाठी हे दोनच. हा छोटा. चोवीस व्होल्टवर चालतो, लहान मूलही करेल. पण आवाज हेडफोनपुरता. आपला आपण ऐकायचा. आणि हा खरा. स्पीकर वाजवतो, घर भरून टाकतो. पण आत तीनशेच्या वर व्होल्ट. माणूस चिकटला की चिकटला."

"मग काय करायचं?"

"पहिल्यांदा चालू करताना बटणापाशी दुसरं माणूस उभं करायचं. एकट्याला मी याचा ट्रान्सफॉर्मर विकतच नाही, नंतर पोलीस दारात नकोत." मी तोंड उघडणार, तेवढ्यात स्वतःच म्हणाला, "तुमचा प्रश्न नाही म्हणा. वहिनी आहेत की! दर रविवारी तुमचं सदर वाचतो. परवा तुमच्या चष्म्यावरून काय हाणलं त्यांनी तुम्हाला! त्या बटण बंद करताना विचार करत बसायच्या नाहीत."

आणि हसत हसत ट्रान्सफॉर्मर कागदात गुंडाळून दिला. मी पैसे दिले आणि घेऊन आलो.

चष्म्याचं ते वाक्य मीच लिहिलं होतं, ओट्याशी उभं राहून. तुला शोभतंय का बघायला तुझ्या आवाजात मोठ्याने म्हणूनही पाहिलं होतं.

तू जाताना म्हणालीस, "मी तुझ्या घरात राहतच नाही, तुझ्या सदरात राहते." वाक्य उत्तम होतं. माझा हात खिशातल्या पेनाकडे गेला. तू तो पाहिलास. आणि बॅगेची चेन लावलीस. लोकांना मी सांगतो, तिची बदली झाली. खरंच आहे. बदली कुणी मागितली, तेवढं सांगत नाही.

बटणापाशी उभं राहायला शेजारचे रिटायर्ड हेडमास्तर तयार आहेत. रंगीत तालीम म्हणून मी "बंद करा!" असं ओरडून पाहिलं. ते म्हणाले, "'करा' म्हणजे आत्ता, की तुम्ही सांगाल तेव्हा?" त्यांना चहा पाजून घरी पाठवलं.

आजचं सदर वाचलं असशील तर त्यात तू नाहीस. सकाळीच संपादकांचा फोन.

"वहिनी कुठे गेल्या हो?"

"बदली झाली."

"सदरातून?"

"तिथूनही."

ते खूप हसले. पुढच्या रविवारी परत आणा म्हणाले. मी म्हटलं, ते माझ्या हातात नाही. यावरही हसले.

तर आता दोन्ही नकाशे समोर आहेत. पत्र्याच्या पेटीला अजून एकही भोक पाडलेलं नाही. छोट्याची भोकं वेगळ्या जागी, मोठ्याची वेगळ्या. एकदा पाडली की बदल नाही. छोटा केला तरी माझं काही बिघडणार नाही. ट्रान्सफॉर्मर परत करेन, दुकानदाराला खरं ते सांगेन, हेडफोन लावून बसेन. रेकॉर्डी मात्र तुझ्या आहेत, म्हणून तुला विचारतोय. कुठला करू? फोन नको. फोनवर मी विनोद करतो.

मोठा म्हणालीस तर तुला काम फार नाही. एका दुपारपुरतं यायचं, रबरी चप्पल घालून दाराजवळच्या बटणापाशी उभं राहायचं. विजेच्या कामाचा नियम म्हणून मी एक हात खिशात ठेवून दुसऱ्या हाताने तपासत असेन. खिशात पेन नसेल. आणि घाबरलो की माझं तोंड चालतं, ते तुला माहीत आहे, तेव्हा मी अखंड बडबडत असेन. बडबडू दे. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. मी गप्प झालो, तरच बटण बंद कर.

तोवर ड्रिलला हात न लावता,

तुझा