देवघरातली सीलबंद बाटली

मंगळवार, दिवेलागण. धामणगाव बढे.

आज मायची तेरवी झाली. पाहुणे गेल्यावर वहिनीनं देवघरातून एक बाटली आणून माझ्या हातात दिली. मायच्या हातांना सोरायसिस, म्हणून मीच खामगावहून आणलेलं सीबीडीचं, म्हणजे भांगेच्या झाडापासून काढलेलं औषधी तेल. सील तसंच. वर कुंकवाचं बोट.

"लावतच नव्हती का?"

"नाही. त्याच्यावर भांगेचं पान हाय ना! म्हणे, महादेवाले वाह्याची वस्तू या सडक्या हाताले काऊन लावू? रोज बाटलीपुढं हात जोडे. म्हणे, देवा, हात बरे कर, मले नातीले घ्याचं हाय."

आणि मी फोनवर विचारलं की दर वेळी, "हाव बाई, लावून राह्यली." माझ्यासाठी खोटं बोलायची.

सात महिन्यांची झाली माझी पोर. मायनं तिला एकदाही मांडीवर घेतलं नाही. हात पदराखाली लपवून लांबूनच बोलायची तिच्याशी. मीच म्हटलं होतं, आधी तेल लाव, हात बरे होऊ दे, मग घे. काऊन म्हटलं असं? सासूबाईंना काय वाटेल म्हणून? की मलाच किळस येत होती? लिहितानाही लाज वाटते.

सील अजून फोडलेलं नाही मी. फोडून आता लावू कोणाला?

तेल लिहून देताना डॉक्टर म्हणाले होते, "गुण येईलच असं नाही, पण हा आजार लागत नाही. बाळाला खुशाल घेऊ द्या." माय तेव्हा बाहेर बाकावर बसली होती.

तिला मी तेलाचं तेवढं सांगितलं.