हडंब्याची झडप

१४ ऑक्टो. ९८, सेनगाव
माझ्या कारखान्यातून साखऱ्याला एक हडंबा गेला. सोयाबीन इतक्या झपाट्यानं मळणारं यंत्र या भागात दुसरं नाही. हे मी नाही, लोक म्हणतात. पण त्याच्या तोंडावरची झडप कुणालाच नको. हात आत जायला लागला की आपोआप खाली पडते. माझ्या डोक्यातून निघालेली हीच एक गोष्ट, जिचा खरा अभिमान. गिऱ्हाईक म्हणतं, पेंढी अडकते, काम रेंगाळतं. वेल्डर रशीदभाईंचंही तेच. "काढून टाका सायब, न्हाईतर माल इथंच गंजल."
काढली. आजपासून सगळेच हडंबे बिनझडपेचे.

२ नोव्हें. ९८
पुसेगावकडच्या तांड्यावरची कमळाबाई. मजुरीनं पेंढ्या सारत होती, माझ्याच हडंब्यावर. उजवा हात मनगटापासून गेला.
दवाखान्यात गेलो. म्हणाली, "तुमच्या मशिनीचा दोष न्हाई सायब, माजंच ध्यान नव्हतं." मी मान हलवली. मान हलवली!!

मे ०४
खासदार झालो, हडंब्याच्याच नावावर. तांड्यावर कमळाबाईनं डाव्या हातानं ओवाळलं. माइकवर कुणीतरी मला 'शेतकऱ्यांचा शास्त्रज्ञ' म्हणत होतं. खाली बघत बसलो. हारांचं ओझं नको झालं.

१० ऑग. ०५, दिल्ली
झडप सक्तीची करा, असं खासगी विधेयक दिलं. स्वीय सहायक हसला. "सर, ऐसे बिल पास नहीं होते." खरंय. ही विधेयकं शुक्रवारी दुपारी, आणि शुक्रवारी दुपारी सभागृहात असतं कोण? मीसुद्धा दर शुक्रवारी गाडी पकडून मतदारसंघातली लग्नं गाठत आलो.

२९ नोव्हें.
खासगी विधेयकांच्या चिठ्ठ्या काढल्या, त्यात माझं नाव निघालं. ९ डिसेंबर, शुक्रवार. आणि त्याच दिवशी कमळाबाईच्या पोरीचं लग्न. आमच्याकडे लग्नाला न आलेला पुढारी लोक जन्मभर विसरत नाहीत. तिचा फोन: "तुमी आल्याबगर अक्षदा टाकत न्हाई आमी."
रशीदभाईही म्हणाले, लग्नाला या, बिल कोन बघून राहिलं?
तिच्यासाठीच थांबतोय, हे तिला कसं सांगू.

९ डिसें.
थांबलो. बोलायला उभा राहिलो. चार-पाच मिनिटं झाली असतील, मागून कुणीतरी म्हणालं, गणसंख्या नाही. घंटा वाजत राहिली. कुणी आलं नाही. तहकूब.
झडप मी स्वतः काढली, हे वाक्य शेवटच्या पानावर ठेवलं होतं. शेवटी कशाला ठेवलं? पहिल्यांदा म्हणायला काय झालं होतं? भित्रा तो भित्राच.

१२ डिसें., तांडा
मांडव सोडत होते. कमळाबाई घुश्शात. "काहून आले न्हाई? दुपार कलंडेपर्यंत वाट पायली, मंग टाकल्या अक्षदा."
सगळं सांगितलं. दिल्लीतली रिकामी बाकं. झडप. ती मीच काढली, तिचा हात जायच्या अठरा-वीस दिवस आधी.
तिनं पदरात हात गुंडाळून घेतला. वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर मोकळा झालो असतो.
मग म्हणाली, "आन् आता? तुमच्या कारखान्यातून जे हडंबे जाऊन राहिले, त्यायला हाय का झडप?"
नाही. एकालाही नाही. सात वर्षं झाली. दिल्लीला कायदा मागत होतो आणि इथं घरचं यंत्र...
मांडवाच्या सुटलेल्या दोऱ्या बघत राहिलो. तिला कळलं. चहा झाला, पण कप देताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

परतताना कारखान्यावरून आलो. तुरीच्या हंगामाचे दोन हडंबे रंग देऊन दारात उभे. रशीदभाईंनी हात केला. ड्रायव्हरनं विचारलं, थांबू का? चल म्हणालो.
दोन्ही उद्या दुपारी जायचे आहेत.