मे महिन्यातलं गवत

मॅडम,

तुमची खोली परवा आम्ही रिकामी केली. आपला विभाग आता वेगळा राहिलेला नाही. तीन विभागांचा मिळून एक केलाय, त्याला लांबलचक नवं नाव दिलंय, आणि तुमच्या खोलीत कंपन्यांच्या मुलाखतींसाठी गोल टेबल येणार आहे. वाळवून ठेवलेल्या गवतांच्या नमुन्यांचं काय करायचं असं मी विचारलं, तर नवे प्रमुख म्हणाले, "फोटो काढून घ्या, बाकी भंगारात." मी अजूनही अकरा-अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर आहे, म्हणून वाद न घालता कपाटं उपसायला लागले. खालच्या फळीवर, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली, हिरव्या पुठ्ठ्याची फाइल सापडली. तुम्ही जाऊन दहा वर्षं झाली. दहा वर्षांत तुमच्याबद्दल एक वाकडा शब्द मी कुणाला बोलू दिला नाही. आज मीच बोलणार आहे.

पहिल्या वर्षाचं प्रात्यक्षिक मला लख्ख आठवतं. तुम्ही एक वाळकी काडी वर धरून विचारलं होतं, हे काय आहे? माझ्या तोंडून निघून गेलं, "पवन्या." मागच्या बाकावरची पोरं हसली. लॅटिन नाव विचारलंत तर मी म्हटलं, "ते नाय माहीत मॅडम. पण मेंढरं हे पहिलं खातात." तुम्ही हसला नाहीत. फळ्यावर मोठ्या अक्षरात 'पवन्या' लिहिलंत, त्याच्या खाली लॅटिन नाव लिहिलंत आणि वर्गाला म्हणालात, "वरचं नाव जुनं आहे, खालचं नवं. दोन्ही पाठ करा." करमाडच्या पलीकडच्या धनगरवस्तीतून एसटीनं येणारी मी. त्या दिवशी पहिल्यांदा त्या इमारतीत ताठ बसले. माझी भाषा शहरात आल्यापासून मी गिळत होते, ती तुम्ही फळ्यावर लिहिलीत. म्हणून तर आता एवढी चीड येते. वाईट माणसानं केलं असतं तर एवढं लागलं नसतं.

मग भादव्यात तुम्ही आमच्या वस्तीवर आलात. तीन दिवस आण्णांच्या मागं मागं गायरान पालथं घातलंत. कमरेएवढं गवत, त्याला नुकते तुरे आलेले. आण्णा पुढं चालतायत, काठीनं दाखवतायत, "ही कुसळी. फुलायच्या आत चारावी लागती, नायतर लोकरीतून कातडीत रुतती. ही मारवेल, गाभण मेंढीला लई चांगली." तुम्ही लिहून घेताय. दुपारी आईनं चुलीपुढं बसवून तुम्हाला बाजरीची भाकरी आणि मेंढीचं दूध दिलं, आणि तुम्ही वाटी तोंडाला लावून प्यायलात. जाताना म्हणालात, "तुझ्या वडिलांना एकोणचाळीस गवतं माहीत आहेत. माझ्या विभागात एवढी कुणालाच माहीत नाहीत." आण्णा ते वाक्य अजून सांगतात. भावकीत, लग्नात, बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालासुद्धा.

दोन वर्षांनी विद्यापीठाची हवा बदलली. बाहेरून प्रकल्प आणा, नाहीतर विभाग चालवणं अवघड आहे, असं बैठकीत सांगितल्याचं तुम्हीच मला म्हणाला होतात. त्याच उन्हाळ्यात तुम्ही मला जीपमध्ये घातलंत आणि आमच्याच गायरानावर नेलंत. मे महिना. जमीन तव्यासारखी. आण्णा आणि आई मेंढरं घेऊन गोदाकाठी उतरलेले, घराला कुलूप. मी म्हटलं, "मॅडम, आता इथं काय मोजायचं? पाऊस पडल्यावर येऊ ना." तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "जूनच्या आत द्यायचंय. सांगितलंय तेवढं कर." तुमच्या तोंडून असला आवाज मी आधी ऐकला नव्हता. मी लोखंडी चौकट जागोजागी जमिनीवर टाकत गेले, तिच्यात मिळालं ते मोजत गेले. वाळकी थोटकं, दोन जातींची. बाकी सगळी मातीत, बियांत, मुळांत झोपलेली. हे तुम्हाला माहीत होतं, मॅडम. मला शिकवलंत तुम्हीच.

पुढं गावात सुनावणी झाली. मांडव घातला होता, माणसं जमली होती. साहेबानं वाचून दाखवलं, की ही जमीन पडीक आहे, गवताच्या फक्त दोन जाती आहेत, कंपन्यांना देण्यात काही नुकसान नाही. आण्णा उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा माइकवर बोलले. "साहेब, चला माझ्यासंगं, आत्ता दाखवतो." साहेब म्हणाला, हा तज्ज्ञांचा अहवाल आहे. तर आण्णा म्हणाले, "तज्ज्ञच पाहिजे व्हय? मग विद्यापीठातल्या आमच्या म्याडमला बोलवा. त्या सांगतील." मांडवात टाळ्या पडल्या म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी मला शहरात गाठलं आणि तुमच्याकडं पाठवलं. मी तुमच्या टेबलासमोर उभी. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "कुणाचा अहवाल आहे, मला कल्पना नाही. आणि मी सरकारी पगारावर आहे, असल्या वादात मला ओढू नकोस." माझ्या मोजणीतल्या दोन जाती आठवूनही मी ते खरं मानलं, आणि बाहेर येऊन आण्णांना सांगितलं, म्याडमला परवानगी नाही. ते म्हणाले, "बराबर हाय. त्यांची नोकरी जाईल."

आता फाइलमध्ये तोच अहवाल आहे. दोन जाती. पडीक. पाठीमागं, अहवाल मागवणाऱ्या सल्लागार कंपनीचं आभाराचं पत्र. त्याच वर्षी आपल्याकडं नवी प्रयोगशाळा आली होती, तुम्ही विभागप्रमुख झाला होतात, पेढे मीच वाटले होते. विभाग वाचवायला केलं, असं तुम्ही म्हणाला असता. कुठाय तो विभाग? या, बघा. तुमच्या प्रयोगशाळेतली यंत्रं धूळ खातायत, आणि मी पोरांना मुलाखतीत हात कुठं ठेवायचे ते शिकवते. गायरान गेलं, मेंढरं विकली, आण्णा त्याच जमिनीवरच्या एका कारखान्याच्या फाटकावर निळा सदरा घालून उभे राहिले. आत जाणाऱ्या गाड्यांचे नंबर टिपण्यासाठी मोडकंतोडकं लिहायला शिकले. एकोणचाळीस गवतं माहीत असलेला माणूस! तुम्ही गेलात तेव्हा तो सदरा न बदलता ते शहरात आले, तुमच्या पायांशी वाकले आणि तोंड लपवून रडले. तुमच्या तीन दिवसांची परतफेड त्यांनी किती वर्षं करायची होती?

काल मी फाइल घेऊन घरी गेले. ठरवून गेले होते, की आज सगळं सांगायचं. आण्णा ओट्यावर बसले होते. मी अहवालाची पानं समोर ठेवली, मजकूर वाचून मराठीत सांगितला. त्यांनी एक पान उचलून उजेडाकडं धरलं. मग म्हणाले, "मोजणी कवा केली?"

"मे महिन्यात."

"मे महिन्यात," ते म्हणाले. "मे महिन्यात तर माणूसबी वाळतो की गं." मग पानं उलटीसुलटी करून म्हणाले, "सही कुणाची हाय? ते पान कुठंय?"

"नाय सापडलं," मी म्हटलं. "जुनी फाइल हाय."

"त्या वक्ताला म्याडमला परवानगी मिळाली असती तर..." असं काहीतरी म्हणत ते आत गेले. मी थांबवलं नाही.

मॅडम, हे तुमची अब्रू राखायला केलं असं समजू नका. ते पान मी विभागातच काढून पर्समध्ये घातलं होतं. त्यावर तुमच्या सहीच्या खाली 'मोजणी करणार' म्हणून दुसरी सही आहे. मी सही मराठीत करते, आणि आण्णा ती लांबून ओळखतात.