रविवारची तेरवी

२ डिसेंबर
वर्ध्याची खोली सोडली. गाडी काढली. डॉक्टर म्हणाले, आता केमोनं फरक पडणार नाही, घरी राहा. घरी! पुलगावला बाबा एकटेच. मी कॉलेज सोडलं तेव्हापासून आमचं बोलणं बंद. आजाराचं त्यांना माहीतच नाही. कोणालाच नाही.
हैदराबाद हायवे धरायचा, थेट कन्याकुमारी — जमेल तिथपर्यंत. आधी फक्त वडनेर. कॉलेजातल्या इलाची माफी मागायची. बस!

३ डिसेंबर
ताप. हिंगणघाटच्या लॉजवर पडून. आरशात बघवत नाही — डोक्यावर एक केस नाही.

४ डिसेंबर
काय करून बसलो मी!
वडनेरला गेलो. दारात इलाची आई, यशोदाकाकू. वाटलं, हाकलतील. इलाशी नुसता हसून बोलला म्हणून मी कॅन्टीनमध्ये वर्गातल्या साकेतचं डोकं फोडलं होतं. तेव्हापासून इला माझं नाव घेत नाही. पण मी हेल्मेट काढलं आणि काकूंनी पदर तोंडाला लावला. "बाबा गेले काय रे? तेरवीचं सांगाले आला?"
नाही म्हणणारच होतो. तेवढ्यात इला बाहेर आली. टक्कल पाहून थबकली. "कधी रे?" म्हणाली. दोन वर्षांनी तिचा आवाज!
मी हो म्हणून मान हलवली. मग सगळं आपोआप निघत गेलं. अटॅक आला, म्हणालो. तेरवी रविवारी, म्हणालो. इलानं समोर बसवून जेवू घातलं. "तुयाशी लय भांडाचं होतं," म्हणाली, "आता काय भांडू?"
जित्या बापाला मारून दोन भाकरी खाल्ल्या. माफी राहिली ती राहिलीच.

५ डिसेंबर
खरं सांगायला वडनेरच्या फाट्यापर्यंत गेलो. परत फिरलो. डोकी फोडायला मात्र मोठा शेर!

७ डिसेंबर
अजून लॉजवरच. अंगात ताकद नाही. कन्याकुमारी कसली, जिना उतरवत नाही. बाबांना फोन लावला — रिंग जायच्या आत कापला. काय सांगू? कुठून सुरुवात करू?

८ डिसेंबर, रविवार
बाबांचा फोन आला. इला आणि काकू तेरवीला म्हणून पुलगावला घरी गेल्या होत्या. दार बाबांनीच उघडलं.
शिव्या देतील म्हणून वाट पाहिली. दिल्या नाहीत. मग म्हणाले, "मी तं जित्ता आहो, बाबू. मंग तुह्ये केस कायनं गेले?"